लिंबाजीचा खोटा भंडारा

लिंबा,

तुझ्यावर एक लेख मी आधीच लिहून दिलाय. तालुक्याच्या साप्ताहिकाला तुझ्या फोटोखाली टाकायला चार ओळी हव्या होत्या, आणि गावात लिहिता येणारा म्हणजे मी. त्यात तू कष्टाळू, मनमिळाऊ, हसतमुख आणि निर्व्यसनी आहेस. तंबाखू मी धरली नाही. वाचलं असतंस तर विचारलं असतंस, “हे कोण मेलं बे?” आणि मग स्वतःच हसत सुटला असतास. ते लोकांसाठी होतं. हे फक्त तुझ्यासाठी लिहितोय, कॉलेजातल्या एका जुन्या हजेरीवहीच्या कोऱ्या पानांवर. लिहून झाल्यावर ही वही कुठं ठेवायची ते मला कळत नाही. घरात ठेवायची भीती वाटते आणि जाळायची हिंमत होईल असंही वाटत नाही.

परवा तुझा दहावा झाला. नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर चार-पाच बसले होते, खाली बघत होते, पण उतरत नव्हते. लोकांनी नेहमीसारखं सुरू केलं. पोराचं लग्न थाटात करू म्हणाले, बैल विकणार नाही म्हणाले, तुझ्यामागं मुक्तावहिनीला अंतर देणार नाही म्हणाले. कावळे ढिम्म. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “खंडोबाचा खोटा भंडारा उचलला की असंच होतंय.” सगळे कावळ्यांकडे बघत होते. आबा मात्र माझ्याकडे बघत होता. शेवटी ऊन चढलं म्हणून गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

आबा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, हे तुला काय सांगायचं. पण मास्तर माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायची खोड असते, तेव्हा ऐकून घे. आबा ऊसतोड टोळीचा मुकादम. दिवाळी झाली की गावातले आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे कोयते घेऊन तो कारखान्याला जातो. आपल्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, हे मी एकदा परगावच्या एका प्राध्यापकाला सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. पावसाळ्यात आबाकडून उचल घ्यायची, हंगामभर ऊस तोडून ती फेडायची, नाही फिटली तर पुढच्या हंगामात फेडायची. तू पोरवयापासून हेच करत आलास. सातवीपर्यंत तू माझ्या शेजारी बसायचास आणि गणितं मला दाखवायचास. आठवीच्या वर्गात मी एकटाच गेलो.

आबा वाईट माणूस नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की आता ते माझ्या तोंडून आपोआप निघतं. मुक्तावहिनीच्या ऑपरेशनच्या वेळी तो दवाखान्याच्या पायरीवर दोन दिवस बसून होता. माझ्या शुभांगीच्या लग्नात तीन दिवस मांडवातून हलला नाही. तू त्याचं मीठ खाल्लं होतंस आणि मीही. तो नुसता राक्षस असता तर आपल्या दोघांचं काम किती सोपं झालं असतं.

टोळीतल्या कौसाचा नवरा भर हंगामात गेला. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढत होता, पाय घसरला. त्याची उचल कौसावर आली. हंगामात ती अर्धा कोयता म्हणून दुसऱ्यांच्या जोडीला राबायची आणि हंगाम संपला की आबाच्या शेतातल्या आखाड्यावर. शेण, धारा, गड्यांच्या भाकरी. आखाड्याला कुलूप नव्हतं, हे आबा नेहमी सांगायचा आणि ते खरंच होतं. एकदा ती माहेरी निघून गेली. संध्याकाळच्या आत मोटारसायकलवरून दोघं गेले आणि तिला घेऊन आले. तिला कुणी मारलं नाही. भावाच्या घरासमोर गाडी उभी केली, पाणी प्याले, “चल” म्हणाले. भाऊ आतच बसून राहिला. त्यानंतर ती कुठं गेली नाही.

ती आमच्याकडंही आली होती, हे तुला मी कधी सांगितलं नाही. माझ्या बायकोला म्हणाली, “सरांनी आबाला दोन शबूद सांगितले तर बरं होईल.” मी म्हणालो, सांगतो. त्यानंतर आबाबरोबर किती वेळा तरी चहा प्यालो असेन. विषय निघाला नाही, असं मी बायकोला सांगत असे. विषय मी काढायचा होता, लिंबा. तो आपोआप कसा निघेल?

आणि गंमत बघ, त्याच वर्षी मी वर्गात गुलामगिरी शिकवत होतो. बी.ए.च्या पोरांना अमेरिकेतली एक जुनी कादंबरी लावली होती. तुला ती मी माजलगावकडच्या एका कारखान्याच्या गाडीतळावर सांगितली होती, आठवतं? परीक्षेच्या कामाला आलो होतो, तुला भेटून जावं म्हणून वळलो. गाड्यांची रांग हलत नव्हती. आपण तुझ्या गाडीच्या सावलीत बसलो, तू भाकरीवर ठेचा घातलास आणि विचारलंस, “काय शिकवतूस पोरांना ह्या साली?”

मी सांगू लागलो. एक पोरगं आहे, बापाच्या माराला कंटाळून पळालेलं. एक काळा गुलाम आहे, मालकिणीकडून पळालेला. दोघं एका तराफ्यावर बसून मोठ्या नदीतून चाललेत. तू मध्येच हात वर केलास.

“थांब. त्या काळ्याला मालकिणीनं इकत घेतलं व्हतं का?”

“हो.”

“पैसं मोजून?”

“हो.”

“मग तेनं पळायचं कावून? तिचं काय चुकलं?”

मी भडकलो. माणूस विकत घेता येतो का, असं काहीतरी बोललो, वर्गात बोलतो तसं. तू शांतपणे घास संपवलास.

“मी इतके हंगाम उचल घेतली मास्तर. एक दिस पळालो न्हाई. अंगात ताप घिऊन ऊस तोडलाय. शबूद म्हंजी शबूद. पळून जाणं ही चोरीच की.” मग जरा वेळानं तूच म्हणालास, “फुडं काय झालं?”

पुढं काय झालं ते मी सांगितलं. त्या पोराला लहानपणापासून शिकवलेलं असतं की दुसऱ्याचा गुलाम पळवणं म्हणजे चोरी, आणि असली चोरी करणारा नरकात जळतो. त्याला ते अगदी खरं वाटत असतं. म्हणून एक दिवस तो मालकिणीला चिठ्ठी लिहितो, तुझा माणूस अमुक ठिकाणी आहे म्हणून. लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटतं. मग त्याला त्या माणसाची माया आठवते. नरकात जावं लागणार हे धरूनच तो चिठ्ठी फाडून टाकतो.

तू तंबाखू मळायला घेतलीस. “तेला खरंच वाटत व्हतं का, आपुन नरकात जाणार म्हून?”

“खरंच वाटत होतं.”

“आन् तुज्या पोरांना वाटतंय?”

“छे. ती हसतात. नरक कोण मानतंय आता?”

“मग तेंना काय कळलं बे?”

तेवढ्यात तुझा नंबर पुकारला आणि तू बैल जुंपायला उठलास. प्रत्येक परीक्षेत मी या प्रसंगावर पाच मार्कांचा प्रश्न काढत होतो. पोरं लिहायची, की नायकाची नैतिकता समाजाच्या नैतिकतेहून श्रेष्ठ होती, आणि मी पाचपैकी चार द्यायचो. तुझा प्रश्न मी पेपरात कधी काढला नाही.

भादव्यात तू घरी आलास. बस म्हटलं तर बसला नाहीस. “तुज्या वळखीचं लांब कुणी हाय का? पोलीस नगं, पुढारी नगं. साधं माणूस पायजे.”

कशाला म्हणून विचारलं, तेव्हा कळलं. आबाचा कडबा बाजारात न्यायचा म्हणून तू आखाड्यावर गाडी घेऊन गेला होतास. कौसा गोठ्यात होती. तिनं तुला विचारलं, “लिंबादादा, मानूस मेल्यावर उचल फिटती का?”

“मी म्हणलं, न्हाई फिटत. तुज्या भावावर जाईल,” तू मला सांगितलंस. “खरं तेच सांगितलं की मी तिला. शबूद खरा हाय. आन् कालपासनं मला घास गिळंना मास्तर.”

तुझे डोळे लाल होते. मी खांद्यावर हात ठेवला तर तू तो झटकलास. तू आबाला फसवणार होतास, ज्याचं तू उभ्या आयुष्यात कधी बुडवलं नव्हतंस, आणि त्याची तुला लाज वाटत होती. मला मात्र त्या क्षणी तुझा भयंकर अभिमान वाटला. आपल्या दोघांत हा फरक पहिल्यापासूनच होता.

बाजारच्या दिवशी कौसा कडब्याच्या पेंढ्यांखाली आडवी होऊन केजपर्यंत आली. आबाच्याच कडब्याखाली. वाटेत दोन ठिकाणी लोकांनी तुझी गाडी थांबवून कडब्याचा भाव विचारला आणि तू त्यांच्याशी घासाघीस करत उभा राहिलास, असं तीच मला नंतर म्हणाली. मी कॉलेजला जायच्या कपड्यांत स्टँडवर थांबलो होतो. तिच्या केसांत काड्या होत्या, अंगावर माझ्या बायकोनं कधीतरी दिलेलं जुनं लुगडं. मी लांबच्या गावाचं तिकीट काढलं, तिथल्या ओळखीच्या घरासाठी चिठ्ठी दिली, एसटी सुटली. साडेदहाच्या तासाला मी वर्गात वेळेवर हजर होतो. त्या गावाचं नाव मी इथंही लिहीत नाही.

तू संध्याकाळी आबाकडं गेलास आणि कडब्याचा पैसा न् पैसा त्याच्या हातात ठेवलास. दुसऱ्या दिवशी मी हसलो तर म्हणालास, “हसू नगंस. एक चोरी झाली तेवढी बास झाली.”

मग भंडाऱ्याचं निघालं. त्या आठवड्यात आखाड्यावर ज्यांचं येणं-जाणं झालं त्या सगळ्यांनी रविवारी सकाळी खंडोबाच्या देवळात बेल-भंडारा उचलून कौसाबद्दल शपथ घ्यायची, असं आबानं ठरवलं. आदल्या दुपारी तू माझ्या ओसरीवर येऊन बसलास. त्या दुपारचा एकेक शब्द मला आता छळतो.

मी म्हणालो, “हळद आहे लिंबा. हळद आणि बेलाची पानं. उचल आणि मोकळा हो.”

“तुला सोपं हाय.”

“सोपंच आहे. आजवर कितीजणांनी खोटा उचलला असेल. काही होत नाही.”

“व्हतंय,” तू म्हणालास, जसं एखाद्यानं ऊस कडेला वाकलाय म्हणावं इतकं साधं. “आमच्या चुलत्याचं झालं. मला ठावं हाय काय व्हतंय ते.”

“मग उचलू नको. आबाला सांगून टाक.”

तू माझ्याकडं असं बघितलंस की मी मान खाली घातली. मी तुझी परीक्षा घेत नव्हतो रे. मला खरंच वाटत होतं की हा पेच दोन मिनिटांत सुटण्यासारखा आहे. शिकलेल्या माणसाला सगळ्याच गोष्टी दोन मिनिटांत सुटण्यासारख्या वाटतात.

सकाळी तू अंघोळ करून, अनवाणी, धुतलेलं धोतर नेसून आलास. देवळात तीसेक माणसं असतील. मला उचलायला कुणी सांगितलं नाही. मी आबाचा भाऊ, शिवाय सर, शिवाय देव न मानणारा म्हणून गावाला माहीत. मी खांबाला टेकून उभा होतो. तुझ्या आधी चौघांनी उचलला. प्रत्येकानं म्हटलं, खोटं बोलत असलो तर लेकराबाळांसकट माझं वाटोळं होवो. मग तू बेल आणि भंडारा हातात घेतलास.

“कौसा कुठं हाय मला ठावं न्हाई. मी खोटं बोलत आसंल तर खंडोबा माजं वाटोळं करील.”

आबा म्हणाला, “लेकराबाळांसकट म्हण.”

“लेकरं मपली न्हाईत, देवाची हाईत. मी मपल्यापुरतं बोलतो.”

गुरवानं ताट पुढच्या माणसापुढं केलं आणि ते तसंच पुढं चालू राहिलं. आबा तुझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिला, एवढंच. मला तेव्हा वाटलं, सुटला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, “बघ, झालं की.” तू चपला घालत म्हणालास, “व्हय. झालं. मपलं झालं.”

त्या दिवसापासून तू देवळाची पायरी चढला नाहीस. जाता-येता रस्त्यावरूनच हात जोडायचास आणि मान वळवायचास. घरावरचे पत्रे किती वर्षं गळत होते, ते तू पंधरवड्यात बदलून घेतलेस. पोराला गाडी हाकायला शिकवलंस. मुक्तावहिनी मला विचारायच्या, “भावजी, ह्यांना काय झालंय? रोज कायतरी आवरायलेत.” आणि मी काय करत होतो, सांगू? मी तुझी चेष्टा करत होतो. पारावर दिसलास की ओरडायचो, “काय रे, अजून जिवंत?” तू हसायचास. कसं हसलास रे तू त्याला? ते वाक्य आता रोज सकाळी माझ्या कानात वाजतं आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दसऱ्याला सोनं द्यायला आलास तेव्हा आपलं भांडण झालं. मी तुला समजावू लागलो की तू पाप केलेलंच नाहीस. आबाचा हक्कच खोटा, तेव्हा तुझी चोरी ही चोरी नाही, आणि तुझी शपथही खोटी नाही. मुद्देसूद सांगितलं, फळ्यावर लिहायचं तेवढं बाकी होतं. तुला बरं वाटेल अशी माझी समजूत. तू उठून उभा राहिलास.

“पाप न्हाई म्हणतूस? मग मी काय केलं बे? तुज्यासारखं तिकीट काढलं फकस्त?”

“तसं नाही, लिंबा…”

“मला ठावं हाय मी काय केलं आन् त्याचं काय व्हनार हाय. तू ते हलकं करू नगंस.”

चहा तसाच ठेवून गेलास. मी रागात होतो. माझ्या इतक्या चांगल्या युक्तिवादाचा तू अपमान केला होतास ना. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा मी गाड्यांपर्यंत आलो नाही. दरवर्षी यायचो, तुला तंबाखूच्या चार पुड्या द्यायचो. या वर्षी घरातूनच बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकला आणि पेपर तपासत बसलो.

तुला एक सांगायचं होतं. रुसवा गेला की सांगू म्हणून मी ते ठेवून दिलं. कौसा ज्यांच्याकडं आहे त्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला होता. म्हणाली, सर, बाई कामाला वाघीण आहे, पण रविवारी दहा वाजेपर्यंत झोपते. उठवलं तर म्हणते, आज कुणाचं काय देणं आहे मला? हे ऐकून तू किती हसला असतास. दहा वाजेपर्यंत! आपल्यातलं कुणी कधी झोपलंय का? तुझा नंबर लावला होता, मग म्हटलं आधी तूच फोन करावास.

फोन आला तो तुझ्या पोराचा. कालव्याच्या उतारावर गाडी उलटली, भर दुपारी, भरल्या उसासकट. मी पोचलो तेव्हा तुला नेलं होतं आणि लोक सांडलेला ऊस दुसऱ्या गाडीत भरत होते, कारण वाळला की वजन घटतं. बैल बाभळीला बांधलेले, एकाचा गुडघा सोललेला. चाक चारीत पडलं होतं. मी खाली उतरून बघितलं. त्याचे नट जागेवर नव्हते, एकही नाही. टोळीतल्या एकाला विचारलं तर म्हणाला, रस्ता खराब हाय सर, पडतेत. एखादा पडतो, हे मलाही माहीत आहे. तेवढ्यात आबाचा माणूस काठावरून म्हणाला, “सर, देवाची करणी हाय. चला वर.”

पंचनाम्यात अपघात लिहिलं. गावानं भंडारा फळला म्हटलं. भंडारा फळला म्हटल्यावर चाकाकडं बघायचं कुणाला काय कारण? मीही त्या दिवशी वरच आलो, लिंबा. कुणाला काही विचारलं नाही.

तुझ्यानंतर कौसाचा पत्ता माहीत असणारा इथं मी एकटा उरलो.

काल सकाळी आबा आला. शुभांगी बाळंतपणाला माहेरी आलेली आहे, नववा लागलाय. त्यानं तिच्यासाठी आखाड्यावरचं तूप आणलं होतं. खुर्चीवर बसला, तिला झोप लागते का, पायाला सूज आहे का विचारलं. चहा झाला. मग माझ्याकडं वळून अगदी घरगुती आवाजात बोलू लागला.

“बाळू, भंडारा तुला लागत न्हाई. म्हून तवा तुला उचलाय लावला न्हाई. लिंबानं लेकरं बाजूला काढली तवाच मला कळलं व्हतं. पर हे तेच्या एकट्याच्यानं व्हनारं न्हवतं. केजला कुणीतरी व्हतं.” जरा थांबला. “शुभे, इकडं ये गं बाई.”

ती कमरेवर हात ठेवून आली.

“हिच्या डोक्यावर हात ठेव आन् सांग, कौसा कुठं हाय तुला ठावं न्हाई. येवढंच. मंग मी ह्या घरात हा विषय काढनार न्हाई.”

शुभांगी हसली. “काय हो काका, हे काय नवीन?” तिला यातलं काही माहीत नाही. तिनं लाडानं डोकं पुढं केलं. नुकतंच तेल लावलं होतं तिच्या आईनं.

लिंबा, माझा हात उठेना. तीस वर्षं मी पोरांना सांगतोय की शब्दानं कुणाचं वाईट होत नसतं. ते मी आजही सांगेन. आणि माझा हात मांडीवरून उठेना. तुझ्यापासून काही लपवत नाही, त्या तेवढ्या वेळात मी गावाचं नाव सांगायच्या बेतात होतो. मनात म्हटलं, आबा कौसाला मारणार थोडाच आहे. आणतील, आखाड्यावर राहील, एक-दोन हंगामांत फिटेल. सगळा हिशेब माझ्या मनात अगदी व्यवस्थित जुळला होता. कौसाच्या रविवारच्या झोपेचं तेवढं आठवलं.

मी हात ठेवला. म्हणालो, “मला माहीत नाही.” आवाज स्वच्छ निघाला.

आबा म्हणाला, “बरं.” उठला, तिच्या पाठीवरून हात फिरवला. “जप गं बाई. दिस भरत आलेत.” आणि गेला. लेकरं बाजूला काढायचं तुला देवासमोर सुचलं. मला ते जमलं नाही, कारण आबानं आधी तेच मागितलं.

गाडीतळावरच्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येईल. माझ्या पोरांना काहीही कळलं नव्हतं, आणि त्यांच्या मास्तरालाही नाही. तू देवळात उभा होतास तेव्हा तुझ्या पायाखाली काय होतं, ते मला काल कळलं. माफी मागायला तू नाहीस. सोपं आहे म्हणालो, त्याची मागतो. जिवंत का म्हणून विचारलं, त्याची मागतो.

कालपासून मी शुभांगीला सारखं विचारतोय, बाळ हलतंय का. संध्याकाळी ती वैतागली, “बाबा, हलतंय हो, आता पुन्हा विचारलंत तर सासरी जाईन.” माझा अजूनही अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आज सकाळी तिनं स्वतःच आईला हाक मारली. म्हणाली, जरा शांत शांत वाटतंय, सकाळपासून कळलंच नाही. तिची आई म्हणाली, झोपलं असेल, गोड खा. गोड खाऊन दोन तास झाले. आता अंबाजोगाईला दाखवून आणायचं ठरलंय. गावातल्या दोन्ही जीपा तिथीच्या लग्नाला गेल्यात, म्हणून बायकोनं मला न विचारता आबाला फोन केला. दुसरं कोण धावून येणार?

तो आलाय. स्वतः आलाय, ड्रायव्हर आणला नाही. मागच्या सीटवर त्यानं घरातली गादी अंथरलीय, उशी आणलीय, बायकोला सांगतोय की खड्ड्यातून हळूच घेतो, काळजी करू नका. शुभांगी चप्पल शोधतेय. ती आणि तिची आई मागं बसतील.

तासाभराचा रस्ता आहे, लिंबा. मला पुढं त्याच्या शेजारी बसायचं आहे.